हरायची रीत

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात चेंडूला पाय लावायची सोय नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात कुणीही पाठीमागून डोकावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘यातला तू कुठला?’’ मी यातला कुठलाच नाही. मैदानावर जी माणसं पळताहेत त्यांतल्या एकालाही मी डावीकडे वळवू शकत नाही. माझं काम म्हणजे आलेली पत्रं वाचणं, कुणाचा करार कधी संपतो ते बघणं, संघात जागा न मिळालेल्या पोराची समजूत काढणं, पत्रकारांच्या त्याच त्या प्रश्नांना तीच ती उत्तरं देणं आणि सामना सुरू झाला की फार तर कडेला उभं राहून ओरडणं. दिवसभर ऑफिसात जे करतो तेच घरी येऊन पदरमोड करून करतो, असं घरच्यांचं मत आहे. ते मला अजून खोडून काढता आलेलं नाही.

खेळ तसा जुना. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी तो घरी बसून रचला आणि १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने तो बाजारात आला. त्या पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावंही खरी नव्हती. सामना दिसायचा म्हणजे पडद्यावर एकेक वाक्य उमटायचं. अमक्याने चेंडू घेतला, तमक्याला दिला, तमक्याने मारला… आणि पुढचं वाक्य यायला जो वेळ लागायचा त्यात माणसाचं रक्त आटायचं. २००३ मध्ये वरून दिसणारे ठिपके आले, २००९ च्या आवृत्तीत हातपाय असलेली माणसं आली. मधल्या काळात हे भाऊ आणि त्यांचे प्रकाशक यांची फारकत झाली, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि २००४ च्या अखेरीपासून खेळाचं ‘फुटबॉल मॅनेजर’ झालं. ठिपक्यांच्या काळातली मंडळी अजून सांगतात की ठिपके जास्त चांगले खेळायचे. मला ते पटतं. ठिपका चुकला तर नेमका कसा चुकला ते दिसत नाही, त्यामुळे त्याला माफ करणं सोपं जातं.

संघाने खेळायचं कसं, हे पूर्वी एकेक बारीकसारीक गोष्ट स्वतः ठरवून जुळवावं लागे. बचावफळी किती पुढे, पास किती लांब, वेग किती, समोरच्याच्या अंगावर कुठून जायला सुरुवात करायची. २०१९ च्या आवृत्तीपासून तयार शैली मिळू लागल्या. क्लबचा कारभार हातात घेतला की यादीच समोर येते. गेगेनप्रेस, टिकी-टाका, तिचाच सरळ गोलकडे धावणारा भाऊ, नुसता ताबा राखणारा खेळ, दोन्ही बगलांवरून खेळ, लांब चेंडूंचा ‘रूट वन’, दोन प्रकारचे प्रतिहल्ले, कातेनाच्चो आणि सगळ्यात शेवटी, जरा ओशाळवाणी होऊन उभी असलेली, ‘पार्क द बस’. एकूण १०. त्यातल्या एकीवर बोट ठेवलं की हिरव्या मैदानावर अकरा जागा आपोआप भरतात आणि प्रत्येकाच्या खाली त्याचा हुद्दा येतो. कुणी रेजिस्टा, कुणी मेत्साला, कुणी त्रेक्वार्तिस्ता. काही नावं इटालियन. राउमडॉयटर, म्हणजे मोकळी जागा हेरणारा, नावाचा एक हुद्दा आहे. तो शब्द बायर्न म्युनिकच्या थॉमस म्युलरने २०११ मध्ये एका मुलाखतीत स्वतःबद्दल वापरला आणि खेळवाल्यांनी उचलला. प्रत्येक हुद्द्याशेजारी एक छोटं वर्तुळ असतं. माणूस त्या कामाला जितका लायक तितकं ते हिरवं. आमच्यासारख्या गरीब क्लबात ही वर्तुळं बहुतेक रिकामीच दिसतात, पण यादी वाचताना तिकडे लक्ष जात नाही. घरात मीठ आहे की नाही हे न बघता पाककृतींचं पुस्तक उघडून बसावं, तसं होतं.

आता शैली निवडायची कशासाठी? वरवर पाहता जिंकण्यासाठी. पण जिंकलेल्याला, बाबा रे तू कसा जिंकलास, असं खोलात जाऊन कुणी विचारत नाही. पेढे वाटले की विषय संपतो. हरलेल्याला मात्र विचारतात, आणि त्याने नाही सांगितलं तर आपणच त्याला सांगतात. म्हणून माझं असं ठाम मत झालंय की संघाची शैली हरण्यासाठी निवडायची असते. हंगामात काही सामने तुम्ही हरणारच. खालच्या पायरीवरच्या क्लबने तर ते धरूनच चालायचं. ते कसे हरलेले तुम्हाला चालतील, एवढाच प्रश्न ती यादी विचारत असते. पाच खाऊन चार मारलेले चालतील? की नव्वद मिनिटं गोलसमोर गर्दी करून उभं राहायचं आणि ८९ व्या मिनिटाला एक खायचा? की चेंडू सगळा वेळ आपल्याकडे आणि गोल त्यांच्या नावावर?

पटत नसेल तर त्या यादीतल्या शैलींची कुळं काढून बघावीत. प्रत्येकीच्या घराण्यात एकेक जगप्रसिद्ध पराभव निघतो.

कातेनाच्चो घ्या. हेलेनियो हेरेरा यांच्या इंटर मिलानने गोलसमोरच्या या बंदोबस्ताच्या जोरावर १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप नेले. पण कातेनाच्चोचा विषय निघाला की गाडी येऊन थांबते १९६७ च्या लिस्बनमधल्या अंतिम सामन्यावर. सातव्या मिनिटाला माझोलाने पेनल्टीवर गोल केला आणि इंटर त्या एका गोलावर बसून राहिला. समोर सेल्टिक. त्यांचे सगळे खेळाडू ग्लासगोच्या आसपास तीसेक मैलांत जन्मलेले. ते मारत राहिले, मारतच राहिले. उत्तरार्धात गेमेलने बरोबरी केली आणि सामना संपायला थोडी मिनिटं उरलेली असताना चामर्सने दुसरा ठोकला. एवढा कडेकोट संघ, आणि हरला तोही बचाव करता करता. यापेक्षा आपल्या तत्त्वाला जागून हरणं कुणाला जमेल?

गेगेनप्रेस म्हणजे चेंडू गेला की दुःख न करता त्याच क्षणी, त्याच जागी, तिघाचौघांनी मिळून तो परत हिसकावायचा. युर्गन क्लॉप यांच्या डॉर्टमुंडने २०११ आणि २०१२ मध्ये जर्मन लीग अशी जिंकली. २०१३ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नकडून २-१ ने हरले, ते समजण्यासारखं. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये हाच संघ लीगच्या तक्त्यात तळाला, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर होता! पुढे सावरून सातवे आले म्हणा. गेगेनप्रेसवाल्याचं हरणं असं असतं. तो हळूहळू खाली येत नाही, दम संपला की धाडकन पडतो.

‘पार्क द बस’ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २००४ च्या सप्टेंबरमध्ये टॉटनहॅमने चेल्सीला त्यांच्याच मैदानावर ०-० असं रोखलं, तेव्हा वैतागलेले चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो म्हणाले की यांनी गोलसमोर बसच आणून उभी केली. पुढे त्या बसची चालकाची जागा त्यांच्याकडेच आली. एप्रिल २०१० मध्ये ते इंटरला घेऊन बार्सिलोनाच्या मैदानावर उतरले. पहिल्या लढतीतली आघाडी हाताशी होती. अर्ध्या तासाच्या आत थियागो मोत्ताला लाल कार्ड मिळालं आणि उरलेले दहा जण तासाभराहून जास्त वेळ आपल्याच गोलसमोर उभे राहिले. ८४ व्या मिनिटाला पिकेने गोल केला. इंटर तो सामना ०-१ ने हरला आणि दोन लढतींच्या बेरजेत ३-२ ने पुढे गेला. मोरिन्यो एक बोट वर करून मैदानभर धावले, आणि बार्सिलोनावाल्यांनी मैदानावरचे पाण्याचे फवारे सोडले. बसच्या संपूर्ण कारकिर्दीतला सगळ्यात देदीप्यमान दिवस, आणि त्या दिवसाची नोंद ‘पराभूत’. माझ्या सिद्धान्ताला याहून भक्कम पुरावा लागत नाही.

विरोधी पुरावा एकच आहे आणि तो लेस्टरचा. २०१५-१६ च्या हंगामात सट्टेवाल्यांनी ५००० ला १ असा भाव दिलेला हा क्लब, बहुतेक वेळ चेंडू समोरच्याला देऊन, प्रतिहल्ल्यांच्या जोरावर इंग्लंडची लीग जिंकून गेला. त्यांचा एकही पराभव कुणाला आठवत नाही. प्रशिक्षक रानिएरी यांना मात्र पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, काढून टाकलं. तेव्हा पुरावा विरोधी असला तरी अर्धाच.

आणि टिकी-टाका. हे नाव लोकांच्या तोंडी रुजवलं ते आंद्रेस मोन्तेस या स्पॅनिश समालोचकाने, २००६ च्या विश्वचषकात. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांना हा शब्द मुळीच आवडत नाही, पण शब्द कुणाचं ऐकत नाहीत. छोटे छोटे पास, त्रिकोणावर त्रिकोण, चेंडू आपला, वेळ आपली. स्पेनने त्यावर २००८, २०१० आणि २०१२ अशा तीन मोठ्या स्पर्धा ओळीने जिंकल्या. नंतरचं खरं मनोरंजक आहे. २०१८ च्या विश्वचषकात रशियाविरुद्ध स्पेनने हजाराहून जास्त पास दिले आणि पेनल्ट्यांवर बाहेर पडले. चार वर्षांनी कतारमध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजाराहून जास्त पास, १२० मिनिटांत एकही गोल नाही, आणि शेवटी पेनल्ट्यांवर तिघे आले ते तिघेही चुकले. एकदा झालं तर अपघात म्हणता येतो. लागोपाठ दोन विश्वचषकांत तस्सं झालं म्हणजे त्याला शैलीच म्हणायला हवं.

लांब स्पेनला कशाला जायचं? सर्जिओ लोबेरा यांनी एफसी गोवाला २०१७ पासून असाच पासांचा खेळ शिकवला. गोव्याचा संघ चेंडू फिरवायला लागला की समोरच्यांना नुसतं बघत उभं राहावं लागायचं. १७ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला, गोवा विरुद्ध बंगळूरु. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड. आणि जादा वेळ संपता संपता एका कॉर्नरवर बंगळूरुच्या राहुल भेकेने डोक्याने चेंडू आत घातला. मुंबईचाच पोरगा, बचावपटू, साधा कॉर्नर, साधं डोकं. सगळ्या त्रिकोणांचं उत्तर तेवढ्यात मिळालं. दोन वर्षांनी लोबेरा मुंबई सिटीला घेऊन आले आणि एकाच हंगामात साखळीची ढाल आणि चषक दोन्ही घेऊन गेले. पण गोव्याच्या माणसाशी लोबेरांविषयी बोलायला बसा, तो तुम्हाला कुठला सामना सांगतो ते बघा.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग करतो आणि हा खेळ माझ्याहून कितीतरी चांगला खेळतो. तो सरळ वरच्या पायरीवरचा श्रीमंत क्लब घेतो आणि डोळे मिटून गेगेनप्रेस लावतो. या खेळात गेगेनप्रेस जरा जास्तच चालतं, असं खेळणारे सगळेच म्हणतात. सुट्टीत तो आमच्याकडे आला होता. रात्री त्याच्या मागून जाताना मला ३-० असा आकडा दिसला, आणि तो त्याच्या बाजूचा नव्हता. सकाळी चहाच्या वेळी विषय काढला.

‘‘काल जोरात हरत होतास की रे.’’

‘‘कुठे काय, मामा? टू-वन जिंकलो.’’

‘‘अरे, मी बघितलं ना. तीन गोल मागे होतास.’’

‘‘ती मॅच झालीच नाही.’’

झालीच नाही म्हणजे, तो सामना संपल्यावर साहेबांनी काहीही जतन न करता खेळ बंद केला, परत उघडला, आणि तोच सामना तोच संघ घेऊन पुन्हा खेळला. पुन्हा हरला असता तर पुन्हा बंद केला असता. त्यामुळे याच्या क्लबच्या दप्तरात पराभवाची नोंद नावालाच. पत्रकारांचे अवघड प्रश्न याला कधी आलेच नाहीत. मी म्हटलं, मग तुला शैली हवी कशाला? कुठलीही लाव. त्याला ते कौतुक वाटलं.

मी असं करत नाही. त्यात माझ्या सचोटीचा काही भाग नाही. माझा संगणक इतका सावकाश चालतो की खेळ बंद करून परत उघडेपर्यंत हरल्याचं दुःख ओसरलेलं असतं आणि झोप आलेली असते.

मी निवडलेला क्लब म्हणजे एएफसी विम्बल्डन, २०२४ च्या आवृत्तीतला, इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरचा. (२०२५ ची आवृत्ती कंपनीने रद्दच केली, त्यामुळे पुष्कळ मंडळी २०२४ वरच रेंगाळली. मीही.) विम्बल्डन म्हटल्यावर आपल्याकडे हिरवळ, पांढरे कपडे आणि टाळ्यासुद्धा हळू आवाजात असं चित्र उभं राहतं. तिथला फुटबॉल क्लब याच्या नेमका उलट्या टोकाचा. १९७७ मध्ये तो लीगमध्ये आला, १९८६ मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला, आणि हे सगळं केलं ते लांब चेंडू मारून, धक्के देऊन आणि लोकांच्या शिव्या खाऊन. १९८८ च्या एफए कप अंतिम सामन्यात त्यांनी लिव्हरपूलला १-० ने हरवलं. लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला आणि गोलरक्षक डेव्ह बीझंटने ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. २००२ मध्ये क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावाला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चिडलेल्या समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब, म्हणजे हा एएफसी विम्बल्डन, काढला, मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि अगदी तळापासून चढत २०११ मध्ये लीगमध्ये परत आले. व्हिडिओ गेमचे उपकार या क्लबला नवे नाहीत. अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रीन दुसऱ्याच एका फुटबॉलच्या खेळात विम्बल्डनचा संघ घेऊन खेळायचे, त्याचे व्हिडिओ करायचे, आणि त्यातून आलेल्या पैशांतून त्यांनी खऱ्या क्लबला प्रायोजकत्व दिलं. मी अजून काही दिलेलं नाही.

लांब चेंडूच्या खेळाला शास्त्राचा आधार दिला तो चार्ल्स रीप यांनी. हे हवाई दलातले हिशेबनीस. १९५० च्या मार्चमध्ये स्विंडनचा एक सामना बघायला गेले. मध्यंतरापर्यंतचा खेळ पाहून इतके कंटाळले की खिशातून वही-पेन्सिल काढून हल्ले मोजायला लागले, ते पुढची कित्येक दशकं मोजतच राहिले. त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात, तेव्हा जास्त पास देणं हा वेळेचा अपव्यय. मुळात फुटबॉलमध्ये बहुतेक हल्ले तीन पासांच्या आतच संपतात, गोल होवो न होवो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं पुढच्या लोकांनी दाखवून दिलं. पण हिशेबनिसाने एकदा ताळेबंद मांडला की तो बदलून घेणं किती अवघड असतं, हे मी माझ्या खात्यात रोज बघतो.

तर अशा क्लबला मी टिकी-टाका लावली.

का, याचं उत्तर वर येऊन गेलंच आहे. मला हरताना देखणं दिसायचं होतं. माझा मधल्या जागेवरचा बचावपटू या निर्णयाचा पहिला लाभार्थी. त्याचं नाव सांगत नाही, कारण माणूस खरा आहे आणि त्याचा काही दोष नाही. या खेळात प्रत्येक गुणाला १ ते २० मध्ये आकडा असतो. ह्याचं हेडिंग १४, धाडस १६, पास ८, आणि चेंडू पायावर आल्यावर तो पहिल्या स्पर्शात ताब्यात घेण्याचा आकडा ७. म्हणजे अंगावर तोफगोळा आला तर डोक्याने परतवेल, पण कुणी प्रेमाने चेंडू दिला की गांगरेल. आणि टिकी-टाकात गोलरक्षक त्याला सतत प्रेमाने चेंडू देतो.

पहिल्याच सामन्यात दिला. ह्याने तो पायाखाली घेतला, पण चेंडू दोन हात पुढे निसटला. समोरचा आघाडीवीर दहा-बारा यार्डांवरून निघाला. ह्याने डावीकडे बघितलं. तिथे माझा रेजिस्टा होता, ज्याचं वर्तुळ पाव हिरवं आहे, आणि तो पाठ करून उभा होता. उजवीकडे बघितलं, उजवा बचावपटू, मीच सांगितल्याप्रमाणे, समोरच्यांच्या अर्ध्यात पोचला होता. मग ह्याने चेंडू परत गोलरक्षकाला दिला. गोलरक्षकाने तो पुन्हा ह्यालाच दिला. हे तीनदा झालं. मला खात्री आहे की तिसऱ्या वेळी त्याने मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोटातल्या माणसाकडे वळून बघितलं. आणि मग त्याच्या सगळ्या पूर्वजांनी त्याच्या पायात संचार केला असावा, कारण त्याने तो चेंडू असा भिरकावला की तो थेट प्रेक्षकांत गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हंगामात प्रेक्षक इतके खूश झाल्याचं पुन्हा दिसलं नाही.

सहायक प्रशिक्षकाचं निवेदन येतं त्यात तो दर आठवड्याला नम्रपणे सुचवतो की आपण जरा थेट खेळावं. मी दर आठवड्याला ते वाचून पुढे जातो. त्याला मोरोक्को माहीत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे शैली निवडायचा प्रश्नच कधी आला नाही, कारण संघसुद्धा निवडावा लागत नाही. ज्या पेठेत जन्मलात तिची तालीम, त्या तालमीचा संघ. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या गावाने फुटबॉल घेतला तो तालमींसकट घेतला. शाहू स्टेडियमवर सामना असला की मैदानात खेळाडू बावीस आणि मॅनेजर हजारो. पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकाला पुढचा पास कुठे जायला हवा हे खेळाडूच्या आधी कळलेलं असतं आणि तो ते जोरात सांगतो. कुणी बचावपटू चेंडू पायात घेऊन विचार करायला लागला की चहूबाजूंनी ‘‘उचल की लेका!’’ उठतं, आणि तो उचलतो. हरून पेठेत परत आल्यावर मात्र विचारणा एकाच गोष्टीची व्हायची, पोरं पळाली का? पळाली असतील तर हरलेलं चालून जायचं. जिभा बाहेर आल्या पाहिजेत, गुडघे फुटलेले दिसले पाहिजेत. नाही पळाली, तर पुढचे काही दिवस त्यांनी तालमीपुढून जाताना खाली मान घालून जायचं. चेंडू किती टक्के आपल्याकडे होता, हे तेव्हा मोजत नव्हते.

या संस्कारात वाढलेला माणूस घरी बसून टिकी-टाका का लावतो, हे माझ्या आईला कळत नाही. तिचे दोन्ही भाऊ तालमीकडून खेळलेले, त्यामुळे तिच्या मताला वजन आहे. परवा संध्याकाळी ती माझ्या शेजारी शेंगा सोलत बसली होती. आमचा सामना चालू होता, घरच्याच मैदानावर, आणि खरं सांगायचं तर आम्ही सुंदर खेळत होतो. त्रिकोण पडत होते. माझा रेजिस्टा तोंड योग्य दिशेला करून उभा होता. शेवटच्या काही मिनिटांत त्यांच्या गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू एकदा टप्पा पडून आमच्या गोलात गेला. सामना संपला. आकड्यांचा तक्ता पडद्यावर आला.

‘‘हरलास?’’ आई म्हणाली.

‘‘हो. पण बघ, ६८ टक्के वेळ चेंडू आमच्याकडेच होता.’’

तिने चष्मा वर करून तक्ता नीट बघितला.

‘‘एवढा वेळ तुमच्याकडेच होता, तर मारला का नाही रे?’’

पत्रकार परिषदेत या खेळात उत्तरांचे पाच-सहा पर्याय देतात. इथे एकही नव्हता. भाचा फोनवर म्हणाला की नव्या, २०२६ च्या आवृत्तीत चेंडू आपल्याकडे असताना एक रचना आणि नसताना दुसरी अशी वेगवेगळी लावता येते, मामा, तू ती घे. म्हणजे आता दोन-दोन ठरवायचं. कतारमध्ये मोरोक्कोशी हरल्यावर स्पेनचे प्रशिक्षक लुइस एन्रिके यांना दोन दिवसांत जावं लागलं होतं. माझ्या संचालक मंडळाचं पत्र अजून आलेलं नाही. समर्थकांचं आलंय, त्यांना शैली पसंत नाही, पण त्या मधल्या बचावपटूला कायम संघात ठेवा, असं त्यांचं म्हणणं आहे.